मदत हवी आहे: फ्लोरिडाच्या वादळात ट्रकवाल्यांना गाडी चालवण्याच्या तासांवर मिळणारी सूट परतीच्या लोडला चालते का?

रातपाळीवाला
पुण्यात बसून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या ट्रक कंपनीचं डिस्पॅच (कुठला ट्रक कुठे पाठवायचा ते) बघतो. आठ ट्रक, एक मालक आणि रात्रभर मी एकटा. मिल्टन वादळ फ्लोरिडात सिएस्टा कीला धडकलं तेव्हा आपल्याकडे गुरुवारची पहाट होती. तेव्हापासून फोन हातातून सुटलेला नाही.

आमचा एक ड्रायव्हर अटलांटाहून बाटलीबंद पाणी आणि ताडपत्र्या घेऊन लेकलँडला गेला. एरवी आठेक तासांचा रस्ता. वळसे घेत, तुंबलेल्या रस्त्यांतून त्याने १४ तास गाडी हाकली. नेहमीची मर्यादा ११ ची. माल उतरला, आणि आता मालक म्हणतो, "येताना जॅक्सनव्हिलहून फर्निचर उचल. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केलीय, ३० दिवस तास मोजायचे नाहीत." वर एक शक्कल: जॉर्जियातल्या वालडोस्टाला आधीच्या हेलेन वादळाचा तडाखा बसलाच आहे, तिथल्यासाठी फर्निचरसोबत पाण्याच्या चार पेट्या टाकायच्या, म्हणजे तोही मदतीचा लोड!

ड्रायव्हर म्हणतो, मला झोप येतेय. फर्निचरचा लोड देणारा ब्रोकर उत्तरासाठी मागे लागलाय. काय सांगू? आणि ईएलडीवर (गाडी चालवल्याचे तास नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र) ते १४ तास लाल दिसताहेत, त्याचं काय?

शार्लटकर
ब्रोकरला नाही म्हणा, आत्ताच.

सूट वादळाला नसते, थेट मदतीच्या कामाला असते. ३० दिवसांचा आकडा बरोबर आहे (फक्त गव्हर्नरची घोषणा असती तर १४), पण साधा माल उचलायला पाठवलात की त्या गाडीपुरती सूट संपली. चार पेट्यांची शक्कल जुनी आहे. नावापुरता मदतीचा माल घातलेला मिश्र लोड या सवलतीत बसत नाही, असं सुटीच्या सरकारी जाहीरनाम्यांत चक्क लिहिलेलं असतं.

रिकामा ट्रेलर घेऊन तो आपल्या तळावर परत येऊ शकतो, तेवढ्याला मुभा आहे. पण "मला विश्रांती हवी" असं त्याने सांगितलंय ना? मग आधी सलग १० तास द्यावेच लागतात. फर्निचर उचलायचं तरी आधी १० तास सुट्टी, मगच नव्याने ११.

ईएलडीच्या लाल रंगाला घाबरू नका. यंत्राला वादळ कळत नाही. शेरा लिहून ठेवा आणि लोडचे कागद जपून ठेवा. आणि मालकांना हेही सांगा की लायसन्स, दारू-ड्रग्जची चाचणी, विमा यांतलं काहीच माफ होत नाही. जादा वजनाची परवानगी हा त्या त्या राज्याचा वेगळा मामला.

हेलेननंतर नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलला पाणी पाठवताना आय-४० महामार्ग पिजन नदीच्या घळीत खचलेला होता, आमच्या गाड्या फार लांबून फिरल्या. त्या फेऱ्यांचे कागद अजून फायलीत आहेत.

रातपाळीवाला
दादा, आभार. लोड सोडला. मालकाने फोनवर बरंच ऐकवलं, शेवटी "बरं, झोपू दे त्याला" म्हणाला. ड्रायव्हरने फोन बंद केलाय, म्हणजे झोपला असावा. शेऱ्यात नेमकं काय लिहू?

शार्लटकर
मिल्टन मदत, माल काय, कुठून कुठे, लोड क्रमांक. एवढं पुरे. दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा, जाऊन झोपा आता तुम्हीही.