मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकला कॅनिस्टर, हँग-ऑन की संप?

घाईत_मासा
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केलाय. फिल्टरचं काही ठरत नाहीये. दुकानदार म्हणतो कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) घ्या, यूट्यूबवाले म्हणतात संपशिवाय (खालच्या कपाटात ठेवायचा, फिल्टरचा दुसरा टँक) या नादाला लागू नका, आणि एका मित्राकडे साधा हँग-ऑन (काचेला टांगायचा) आहे, त्याचं झकास चाललंय. रविवारी कुर्ल्याला सामान आणायला जायचंय. तिन्हीपैकी कोणता, एवढंच सांगा. बजेट १५ हजार. 'आधी सर्च करा' म्हणू नका, करून झालंय.

टीडीएस_शून्य
टँकचं माप? खाली कपाट आहे की उघडा लोखंडी स्टँड? काचेला छिद्रं आहेत का? नुसते मासे की कोरलही? यातलं काहीच न सांगता 'कोणता' विचारलंत तर उत्तर 'कोणताही'.

कॅनिस्टर_काका
डोळे झाकून कॅनिस्टर. आवाज नाही, टँकला छिद्रं पाडायला नकोत, भाड्याच्या घरातही चालतो. खाली जाड स्पंज, मधे सिरॅमिक रिंगा, वर कार्बन. तासाला टँकच्या पाच-सहा पट पाणी फिरेल असा घ्या. विषय संपला.

निळा_खेकडा
काका, गोड्या पाण्यात संपला असता. कॅनिस्टरमधे घाण अडकते, पण ती पाण्यातच असते. विष्ठा आणि उरलेलं खाणं स्पंजात कुजतं, रिंगांवरचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते परत टँकमधे. खाऱ्या पाण्यात प्रोटीन स्किमर चालतो, त्याचा उपयोग हाच की घाण कुजायच्या आधी फेसावाटे वाटीत येते आणि आपण ती मोरीत ओततो. शिवाय समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्के कमी मावतो. स्किमर पाण्यात हवा घुसळतो, कॅनिस्टर बंद डबा.

कॅनिस्टर_काका
दर आठवड्याला स्पंज धुतला तर काही कुजत नाही. लोक सहा-सहा महिने उघडत नाहीत आणि दोष डब्याला.

निळा_खेकडा
दर आठवड्याला कोण उघडतं? आणि वीज दोन-तीन तास गेली की डब्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. वीज आल्यावर तेच सडकं पाणी टँकमधे. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर उघडून धुतल्याशिवाय सुरूच करू नये.

घाईत_मासा
भांडू नका हो. ३ फूट बाय दीड बाय दीड. खाली कपाट आहे, आतून ३२ इंच रुंद, १५ खोल, २६ उंच. छिद्रं नाहीत. ठाण्यात राहतो. सध्या मासेच, कोरल पुढे बघू. आता सांगा.

टीडीएस_शून्य
हे पहिल्यांदाच लिहायचं होतं. काठोकाठ १९० लिटर होतात, दगड आणि वाळू गेली की खरं पाणी १५०-१६० लिटर.

आधी एक गोष्ट. या तिन्हीपैकी एकही तुमचा मुख्य फिल्टर नाही. मुख्य फिल्टर म्हणजे दगड. १२ ते १५ किलो सच्छिद्र कोरडा दगड ठेवा, जिवाणू त्यावर वसतात आणि अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करतात. बाकीची यंत्रं घाण उचलायला आणि पाणी हलवायला.

तुमचं कपाट बघता संप करा. २४ बाय १२ बाय १४ इंचांचा साधा काचेचा टँक पुरे. त्यात तीन कप्पे: पहिला १५ इंचांचा, त्यात फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) आणि स्किमर. मग एकेक इंचाच्या फटी ठेवून तीन आडकाचा, म्हणजे बुडबुडे पुढे जात नाहीत. शेवटचा ६ इंचांचा, त्यात रिटर्न पंप (पाणी परत वर पाठवणारा). पाण्याची पातळी ८ इंच. बहुतेक छोट्या स्किमरना ६ ते ८ इंच पाणी लागतं. घेण्याआधी त्यावरचा आकडा वाचा आणि आडकाचेची उंची त्यावरून ठरवा. स्किमरच्या वर वाटी उचलायला चार इंच मोकळे हवेत, नाहीतर दर वेळी अख्खा स्किमर बाहेर काढत बसाल.

शेवटचा कप्पा लहान ठेवायला कारण आहे. ६ × १२ × ८ इंच म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. वरच्या टँकमधे एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. समजा खाली येणारा पाइप गोगलगाईने किंवा शेवाळाने तुंबला, तर पंप जास्तीत जास्त साडेनऊ लिटर वर ढकलेल आणि कोरडा पडेल. वर दीड इंच जागा मोकळी ठेवलीत तर थेंबही जमिनीवर पडत नाही. याच कप्प्यात बाष्पीभवनाची घट दिसते. ती रोज साध्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. मीठ उडून जात नाही.

मुक्काम_दुबई
इथे आता फिल्टर सॉक कुणी वापरत नाही. रोलर मॅट लावा, कागद आपोआप गुंडाळला जातो. डीसी स्किमर, डीसी रिटर्न, रेफ्युजियममधे (संपमधला शेवाळाचा कप्पा) कीटोमॉर्फा शेवाळ आणि त्यावर रात्री दिवा, म्हणजे रात्री पीएच पडत नाही. जंतू मारणारा यूव्ही दिवाही हवाच.

निळा_खेकडा
बजेट १५ हजार आहे साहेब, दिरहम नाहीत. सॉक २०० मायक्रॉनचे चार घ्यायचे, तीन-चार दिवसांनी बदलायचे, वॉशिंग मशीनमधे साबणाशिवाय धुवायचे. कीटोमॉर्फा पुढे कधीतरी, नवीन टँकमधे त्याला खायलाच काही नसतं. यूव्ही या आकाराला चैन आहे.

मीठभाकर
एवढा खर्च कशाला? उत्तनला जाऊन कॅन भरून पाणी आणा, मालवणला गेलात की दगड उचला. निसर्गात कुठे फिल्टर असतो?

टीडीएस_शून्य
दगड अजिबात उचलू नका. कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडासुद्धा. किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं, खाडीजवळ सांडपाणी मिसळलेलं असतं. निसर्गात फिल्टर नसतो, पण तिथे पाणीही फक्त १६० लिटर नसतं.

शुभं_भवतु
टँक आग्नेयेला ठेवू नका. ईशान्य उत्तम.

निळा_खेकडा
ईशान्येला खिडकी असेल तर शेवाळ उत्तम.

घाईत_मासा
संप पटला, पण छिद्रं नसताना पाणी खाली कसं आणायचं? काठावर टांगायचा, नळीने पाणी ओढून खाली सोडणारा ओव्हरफ्लो बॉक्स मिळतो, तो घेऊ का? आणि सहज विचारतो, मासे दोन दिवस वर येऊन तोंड उघड-मीट करतात, त्याचा फिल्टरशी काही संबंध आहे का?

टीडीएस_शून्य
मासे??? टँकमधे मासे आहेत? किती? कधीपासून? सध्या फिल्टर कोणता चालू आहे? अमोनिया किती?

घाईत_मासा
दोन क्लाउन, एक डॅमसेल. आठवडा झाला. 'सुरू केलाय' म्हणालो की. स्पंजवाला पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप) आहे. टेस्ट किट नाही. पाणी घरच्या आरओचं, मीठ दुकानदाराने दिलेलं, दोन किलोच्या दोन पिशव्या.

निळा_खेकडा
१५०-१६० लिटरला मीठ साडेपाच-सहा किलो लागतं. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडनुसार. चार किलोत खारटपणा फार तर हजारात २६-२७ भागांपर्यंत गेला असेल. पिशवीवर 'मरीन सॉल्ट' लिहिलंय ना? जाडं मीठ असेल तर त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) पुरेसं नसतं.

टीडीएस_शून्य
फिल्टर बाजूला ठेवा, आज हे करा. पॉवरहेडचं तोंड वर वळवा, पृष्ठभाग खळबळला पाहिजे. खाणं दोन दिवस बंद. अमोनियाचं द्रव किट आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर रविवारची वाट न बघता आणा. झुलत्या काट्याचा हायड्रोमीटर नको, काट्याला बुडबुडा चिकटला की वाचन चुकतं. अमोनिया ०.५ पीपीएमच्या वर असेल तर ३० टक्के पाणी बदला, नवीन पाणी टँकइतक्याच खारटपणाचं आणि तापमानाचं. खारटपणा ३५ पर्यंत नंतर न्या, तीन-चार दिवसांत थोडाथोडा. मीठ वेगळ्या ड्रममधे विरघळवा, पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका.

घाई अशासाठी की पीएच ८.२ ला एकूण अमोनियातला सहा-आठ टक्के विषारी रूपात असतो, ७ ला अर्धा टक्का. गोड्या पाण्याच्या टँकमधे खपून जाणारा आकडा इथे कल्ले जाळतो.

कॅनिस्टर_काका
आणि नायट्राइट? त्यानेही मासे वर येतात.

टीडीएस_शून्य
काका, खाऱ्या पाण्यात नायट्राइट फार त्रास देत नाही. क्लोराइड भरपूर असल्याने ते कल्ल्यांतून आत शिरत नाही. अमोनियाच बघायचा.

निळा_खेकडा
आरओवर 'कॉपर' लिहिलंय का ते बघा. तांबं सोडणारा कार्ट्रिज असेल तर कोळंबी, गोगलगाय, कोरल काहीच जगणार नाही आणि दगड-वाळू तांबं शोषून ठेवतात. मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरही बायपास हवेत. तो कंट्रोलर नळाचं पाणी मुद्दाम मिसळतो. मेंब्रेननंतर थेट नळी काढा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं), टीडीएस मीटरवर शून्य.

घाईत_मासा
कॉपर लिहिलंय. 😐 किट आणलं. अमोनिया १. खारटपणा २७. पाणी बदलतोय, ते सोसायटीतल्या मित्राच्या साध्या आरओचं, टीडीएस १२. दुकानदार डॅमसेल परत घेतो म्हणाला, क्लाउन नाही.

टीडीएस_शून्य
डॅमसेल द्याच, तो पुढे क्लाउनना छळणार होता. क्लाउन ५० लिटरच्या नव्या फूड-ग्रेड ड्रममधे ठेवा. टँकचं पाणी नको, ताजं मिसळलेलं घ्या, खारटपणा २७ च. स्पंज फिल्टर, झाकणाला जाळी. चिमूटभर खाणं, एक दिवसाआड १५ लिटर बदल. अमोनिया बांधणारं औषध वापरलंत तर लक्षात ठेवा, टँकमधे ते असताना स्किमर तासाभरात वाटी ओसंडून टाकतो.

टँक पूर्ण रिकामा करा. तांब्याचं पाणी जातं आणि काच छेदायची सोयही होते. वाळू बदला. टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स नको, त्याच्या यू-नळीत हवा साठली की सायफन तुटतो.

कॅनिस्टर_काका
छेदायच्या आधी काच टफन्ड नाही ना ते बघा, टफन्ड असेल तर एका क्षणात चुरा. मोबाइलवर पांढरा पडदा लावून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. काळे ठिपके-पट्टे दिसले तर टफन्ड. (इथे मी कॅनिस्टर सुचवणार नाही, खेकडेबुवांनी निर्धास्त असावं.)

घाईत_मासा
पट्टे नाहीत. काचवाला शनिवारी येतोय. छिद्रं मागच्या काचेत की तळाला? किती?

टीडीएस_शून्य
मागच्या काचेत, वरून चार इंचांवर. कोपऱ्यात ओव्हरफ्लोची दोन: एकाच्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण भरून वाहील असा ठेवा, दुसरा उघडा, एरवी कोरडा, आणीबाणीसाठी. बल्कहेड (छिद्रात बसणारा पाइपाचा जोड) आधी विकत आणा आणि त्याच्या मापाने डायमंड होलसॉ लावायला सांगा. छिद्राच्या व्यासाइतकी तरी काच कडेपासून आणि दोन छिद्रांमधे सोडा. गेट व्हॉल्व्ह पीव्हीसीचा मागा. हार्डवेअरवाला पितळी देईल, त्यात पुन्हा तांबंच.

रिटर्न पाइप काठावरून आत घ्या, त्याचं तोंड पाण्याखाली एक इंचापेक्षा खोल नको. वीज गेल्यावर तितकंच पाणी उलट येतं, संपमधे २८ लिटरची जागा आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, मीठ अडकलं की बंद होत नाही. पंप तासाला २००० लिटरचा घ्या, सव्वा मीटर उंचीवर तो ७००-८०० देईल आणि तेवढंच हवंय.

गप्पी_लव्हर
माझ्या गप्पीच्या टँकमधे हिरवं पाणी झालंय, त्यालाही संप चालेल का?

निळा_खेकडा
वेगळा धागा काढा. आणि टँकचं माप लिहा.