मदत हवी आहे: नवी जीन दोन धुण्यात पांढरी पडली, रविवारी साक्षगंध आहे

खारा_पाटील:
राजेहो, लवकर सांगा. अकोल्याहून १४०० ची जीन आणली. दोनदा धुतली अन् मांड्यांवर पांढरीफटक. रविवारी लहान्या भावाचं साक्षगंध आहे, दुसरी घ्याले पैसे नाहीत. मीठ-बीठ सांगू नका, करून झालं.

कपाशीवाली_ताई:
निळी का काळी? पाणी कोणतं?

खारा_पाटील:
पाण्याचा काय संबंध ताई? जीनचं सांगा.

सूतगिरणी_रिटायर:
मिठाने काही होत नाही. इंडिगो, म्हणजे जीनचा निळा रंग, ताण्याच्या (उभ्या) धाग्यावर वरवर बसतो, गाभा पांढराच राहतो. घासलं की गाभा उघडा पडतो, म्हणून गुडघे आधी जातात. उलटी करा, थंड पाण्यात बुडवा, ब्रश लावू नका, सावलीत वाळवा. आणि दर दोन दिवसांनी धुवायची गरज नसते.

भाकरी_ठेचा:
व्हिनेगर टाक भाऊ. आमच्या घरी वीस वर्षं तेच. रंग पक्का होते.

सूतगिरणी_रिटायर:
होत नाही. इंडिगोला व्हिनेगर पक्का करत नाही.

भाकरी_ठेचा:
मंग आमच्या जीन्स काय खोट्या आहेत?

मोर्शीचा_संत्रा:
पांढऱ्या शर्टाला जीनचा निळा डाग लागला तर काय करावं?

डोंगरदऱ्या:
डुंगरी हे जाडंभरडं कापड मुंबईच्या डोंगरीवरून ओळखलं जायचं, तोच शब्द इंग्रजीत गेला. कापूस आपला, नाव आपलं, अन् १४०० रुपये आपणच द्याचे.

खारा_पाटील:
इथं साक्षगंध तोंडावर आहे न बाप्पा! काळी जीन आहे. बोअरचं पाणी. माय वडीचा साबण लावून मोगरीनं बदडते, मंग टिनावर वाळू घालते. गाव दर्यापूरकडे.

कपाशीवाली_ताई:
हे पहिलेच सांगाचं न! दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं अन् जड. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी वडीचा साबण भिडला की पांढरा चिकट साका तयार होते. तुझ्या बादलीच्या काठाले नख लावून पाह्य, खरवडून येईन. काळ्या कपड्यावर तोच उठून दिसते.

रंग गेला का साका बसला, हे आधी पाह्य. मांडीवर रुपयाएवढ्या जागेवर व्हिनेगर अन् पाणी अर्धंअर्धं बोटानं लाव, पंधरा मिनिटांनी विकतच्या कॅनच्या गोड पाण्यानं धू, सावलीत वाळव. ओलं असताना ठरवू नको, भिजलं की सगळंच काळं दिसते. वाळल्यावर तेवढा ठिपका गडद राह्यला तर साकाच आहे. मंग अर्धी बादली कॅनच्या पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजव, खंगाळ. ब्लीचिंग पावडर जवळ आणू नको, व्हिनेगरशी मिसळली तर विषारी वायू सुटते.

भाकरी_ठेचा:
म्हणजे व्हिनेगरच न! 😄

कपाशीवाली_ताई:
साका काढाले, रंग पक्का कराले नाही. साहेबाचं बरोबर आहे.

सूतगिरणी_रिटायर:
काळी म्हटल्यावर बहुधा सल्फर रंग असेल, माझं इंडिगो-पुराण त्याला लागू नाही. पण मोगरी बंद करा. आणि वडीऐवजी लिक्विड वापरा, जड पाण्यात त्याचा साका धरत नाही.

भाकरी_ठेचा:
साक्षगंधात जेवाले काय आहे भाऊ?

खारा_पाटील:
वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. या.
ताई, ठिपका काळा राह्यला! काल पूर्ण जीन भिजवली, मांड्या पह्यल्यासारख्या झाल्या. शिवणीजवळच्या दोन रेघा मात्र तशाच आहेत, मोगरीचा प्रसाद. मायले मोगरीचं सांगितलं तर म्हणते, मंग तूच धू. शर्ट बाहेर सोडतो.

मोर्शीचा_संत्रा:
माझ्या शर्टाचं कोणी सांगते काय?