चिनी औषधी वनस्पतींतून नवी औषधे: शोधाची सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करावी का?

रानवाट (धागाकर्ता)

पारंपरिक चिनी वैद्यकातील वनस्पतींमधून नव्या औषधांचे रेणू शोधताना सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या शोधाला मिळालेले २०१५ चे नोबेल सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. व्हिएतनाम युद्धात सैनिकांना ग्रासणाऱ्या हिवतापावर औषध शोधण्यासाठी २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला. १९६९ मध्ये त्यात सामील झालेल्या थू योयो यांच्या गटाने दोन हजारांहून अधिक पारंपरिक पाठ (औषधांच्या कृती) चाळले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. आर्टेमिसिनिन जिच्यातून मिळाले, त्या छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क एकदा गुण देई, तर पुढच्या वेळी देत नसे. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात मात्र मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे लिहिलेले होते, आणि त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून थू यांनी सुमारे ३५ अंशांवर उकळणारे ईथर वापरले, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातील परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. ग्रंथातली ती एक ओळ नसती, तर ही वनस्पती निरुपयोगी ठरवून बाजूला टाकली गेली असती.

नीरक्षीर

घटनाक्रम बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दोन हजार पाठांपैकी ६४० हिवतापावर उपयोगी असू शकतील असे मानले गेले होते, आणि त्यांतून जगभर वापरले जाणारे औषध निघाले ते एकच. बाकीच्यांविषयीही ग्रंथ तितक्याच खात्रीने बोलत होते, हे विसरून कसे चालेल? दुसरे उदाहरण कॅम्पटोथेसिनचे घ्या. हा रेणू चीनमधील शी-शू या वृक्षात सापडला, परंतु त्या वृक्षाची निवड कोणत्याही चिनी ग्रंथावरून झालेली नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याने स्टेरॉइडसाठी कच्चा माल शोधताना अनेक वनस्पतींचे अर्क जमवले होते; तेच पुढे कर्करोगविरोधी चाचणीला पाठवले गेले आणि त्यांतला हा एक अर्क प्रभावी ठरला. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. (वाणी मूळचे नंदुरबारचे, ही आपल्याकडे फारशी माहीत नसलेली गोष्ट.) टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही आजची कर्करोगाची औषधे त्याच रेणूपासून घडवलेली आहेत. ग्रंथांना अग्रक्रम दिला असता, तर या झाडाकडे कोणी वळलेही नसते.

सह्यकडा

कॅम्पटोथेसिनचा विषय निघालाच आहे म्हणून एक भर घालतो. हाच रेणू आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात असल्याचे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. त्यानंतर सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या जंगलांत नरक्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली. छिंगहाओ वर्षायू असल्याने शेतात घेता येते. नरक्या वाढायला वर्षे लागतात. शोध ग्रंथातून लागो वा अर्कांच्या सरसकट चाळणीतून, माल कुठून येणार हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला पाहिजे.

रानवाट

नीरक्षीर, कॅम्पटोथेसिनचा मुद्दा मान्य. पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याची मर्यादा ठरवतो. ज्या रोगाचा चढउतार काही तासांत किंवा दिवसांत डोळ्यांना दिसतो, तिथे वैद्यांच्या निरीक्षणाला वजन आहे. माहुआंग ही वनस्पती दम्यावर वापरत, आणि त्यातूनच एफेड्रिन मिळाले. जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी ते १८८५ मध्ये वेगळे केले. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या छांगशान या वनस्पतीतील फेब्रिफ्यूजिन हे द्रव्य खरोखरच परजीवीनाशक आहे. त्याने उलट्या होतात म्हणून त्याचे औषध होऊ शकले नाही, आणि छांगशानने उलटी होते हेदेखील चिनी वैद्यांनी नोंदवून ठेवले होते. शरीराच्या आत वाढणाऱ्या गाठीबद्दल मात्र ग्रंथांकडून तशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

नीरक्षीर

ही मर्यादा तुम्ही स्वतःच घातलीत, तेव्हा ती शेवटपर्यंत न्यायला हवी. जे लवकर दिसते तेच नोंदले गेले असेल, तर जे उशिरा दिसते ते अपायही नोंदींतून निसटलेले असणार. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या उपचारात फांगजी या वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती मिसळली गेली. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ती मिसळ चुकीने झाली, हे खरे. पण या कुळातील वनस्पती चिनी वैद्यकात शतकानुशतके वापरात होत्याच, आणि त्यांतील आम्ल कर्करोगकारक असल्याचे आज निर्विवाद आहे. वर्षांनंतर उमटणारा असा परिणाम कोणत्या वैद्याने, कशाशी जोडायचा?

रानवाट

म्हणूनच मी ‘सुरुवात’ म्हणालो. विषाक्ततेच्या चाचणीतून ग्रंथोक्त वनस्पतीला सूट द्यावी, असे मी कुठेही लिहिलेले नाही.

नीरक्षीर

तसे असेल तर मतभेद खर्चापुरता उरतो. आज ग्रंथाधारित म्हणवणारे कितीतरी शोधनिबंध पाठातील वनस्पतींची घटकद्रव्ये एखाद्या माहितीसंचातून उचलतात, शोषणक्षमता ३० टक्क्यांहून अधिक असावी यांसारखे ठरीव निकष लावतात आणि संगणकावर ती प्रथिनांशी जुळवून पाहतात. यादीत बहुधा क्वेर्सेटिन हे द्रव्य असतेच, कारण ते असंख्य वनस्पतींत आढळते. थू यांनी अर्क बनवून उंदरांना दिला होता, आणि रुग्णांना देण्यापूर्वी स्वतः घेऊन पाहिला होता. तितके कष्ट घेणाऱ्या ग्रंथाधारित प्रकल्पाला निधी मिळण्यास माझी हरकत नाही. केवळ संगणकावरच्या जुळणीला मात्र तो मिळू नये.