मदत हवी आहे: रोहिणी दुसरं चरण, मुलीसाठी पुराणातलं नाव

बारसं येत्या रविवारी, कोथरूडला. रोहिणी नक्षत्राच्या चार चरणांची (भागांची) नावाची आद्याक्षरं ओ, वा, वी, वू. दुसरं चरण म्हणजे 'वा'. त्यात वारुणी गोड वाटतं, पण समुद्रमंथनातून निघालेली ती मद्याची देवता, त्यामुळे आजेसासूबाईंसमोर उच्चारायची सोय नाही! वैदेही सुचवू नका, 'वे' मृगाचं पहिलं चरण.

अक्षर सैल सोडलं तर दोन उरतात. विनता: कश्यपाची पत्नी, अरुण-गरुडाची आई; पण पैज हरून सवत कद्रूची दासी झाली. वृंदा: जालंधराची पत्नी, पुढे तुळस. अर्थाने मला हेच उजवं वाटतं. अडचण स्पेलिंगची. मराठीत आपण 'व्रुंदा' म्हणतो, हिंदीवाले 'व्रिंदा'. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पासपोर्टला खेटे.

जाणकारांनी सांगावं:
'वृ' कोणत्या चरणात धरतात, वा की वी?
व्ही नंतर आर-यू लिहावं की आर-आय?
'वा'वरून आणखी पौराणिक नाव आहे का? वासवी सोडून, ते घरात आहे.

महापालिकेत जन्मनोंद झालीय, नावाचा रकाना कोरा ठेवलाय. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, म्हणून दाखल्याची घाई नाही; घाई बारशाची आहे.