चर्चा: विकत घेतलेला मण्यांचा ग्राफ ग्रुपवर टाकला तर बिघडलं कुठे?

सुईदोरा:
मोराच्या ब्रेसलेटचा पेयोट (मणी एकाआड एक बसवायची वीण) ग्राफ, म्हणजे कुठल्या घरात कुठल्या रंगाचा मणी हे दाखवणारा नकाशा, कुणीतरी ३५० रुपयांना घेतं आणि संध्याकाळपर्यंत त्याची पीडीएफ चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत फिरलेली असते. वर पुस्ती, 'कला वाटल्याने वाढते'. माझं मत असं की कला हवी तितकी वाटा, पीडीएफ नको. चार मणी ओवायचे, तंगुसाची दोन्ही टोकं चौथ्या मण्यातून उलटसुलट काढायची, मग दर घराला तीन-तीन मणी घेत पुढे जायचं, ही वीण कुणाच्या बापाची नाही. तोरणं, ताटाभोवतीच्या महिरपी तिच्यावरच उभ्या आहेत. पण त्या घरांत कुठला रंग कुठे बसवायचा हे ज्याने डोकं लावून काढलं, ते काम त्याचं.

तंगूस:
साफ असहमत. मोर कुणाचा? पैठणीच्या पदरावर तो किती पिढ्या बसलाय! ग्राफवाल्याने त्याचे चौकोन पाडले, एवढंच. आणि पेयोटचा ग्राफ ९० अंशांत फिरवला की ब्रिक स्टिचचा, म्हणजे विटांसारख्या मांडणीच्या दुसऱ्या विणीचा होतो. मग आडवा करून टाकला तर नवं डिझाइन म्हणायचं का? शिवाय वस्तूचा फोटो मोठा करून मणी मोजले तर पीडीएफ लागतच नाही. त्यालाही चोरी म्हणाल?

चिंचपेटी:
'चौकोन पाडले, एवढंच' हे वाक्य ज्याने ग्राफ काढला नाही तोच लिहू शकतो.

११/० मापाचा डेलिका (एकसारखा, नळीसारखा बारीक मणी) साधारण १.६ मिमी जाड आणि १.३ मिमी लांब असतो, म्हणजे चौरस नाहीच. भरतकामाच्या चौकोनी कागदावर ३० बाय ३० घरांत गोल डोळा काढलात तर पेयोटमध्ये तो ३९ मिमी रुंद आणि ४८ मिमी उंच होतो. मोराचा डोळा गेला, अंडं आलं. म्हणून घरांचं प्रमाण आधी बदलून घ्यावं लागतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात तर उभ्या रांगा विषम घ्याव्या लागतात, आणि विषम घेतल्या की एका काठाला सुई परत फिरवताना तिढा येतो. तो नीट बसला नाही तर काठ सैल पडतो. ब्रेसलेट ३० रांगांचं आणि साडेसहा इंचांचं धरलं तर ३,१०० च्या आसपास मणी लागतात. ग्रॅमला २०० धरले तर १५-१६ ग्रॅम. रंगवार किती ग्रॅम हे आधी एक नग पुरा ओवल्याशिवाय कळत नाही. ३५० रुपये त्याचे.

ग्रुपवर फिरतो तो बहुतेक वेळा स्क्रीनशॉट. त्यात रंगसूचीचं पान गळलेलं असतं. डेलिकाच्या रंगक्रमांकांत डीबी-१० म्हणजे काळा, डीबी-२०० म्हणजे पांढरा, एवढं माहितगाराला कळेल, पण मोराच्या गळ्यातले तीन निळे फोनच्या पडद्यावरून ओळखून दाखवा. नवशिकी अंदाजाने मणी आणते, गळा एकरंगी होतो, आणि बोल लागतो डिझाइनला.

कलम_बावन्न:
कायद्याचं थोडं, कारण दोन्हीकडून गोळाबेरीज चाललीय.

ग्राफ, त्यासोबतचा मजकूर, फोटो या सगळ्यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे, नोंदणी केलेली नसली तरी. कल्पनेला, विणीला, 'मोर' या विषयाला नाही. स्वतःच्या वापरासाठी प्रिंट काढणं कलम ५२ मध्ये बसतं. अडीचशे जणींचा ग्रुप म्हणजे 'स्वतःचा वापर' नव्हे.

तंगूस, फोटोवरून मणी मोजण्याबद्दल कलम १४ बघा. सपाट चित्रावरून त्रिमित वस्तू करणं आणि त्रिमित वस्तूवरून सपाट चित्र काढणं, दोन्ही हक्क मालकाकडे. फिरवून आडवा केलेला ग्राफ तर बोलायलाच नको.

आता खरी ग्यानबाची मेख कलम १५ मध्ये आहे. वस्तूवर वापरलेलं डिझाइन, जे डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त प्रती झाल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितिका विरुद्ध बिबा या कपड्यांच्या प्रकरणात दावा याच मुद्द्यावर अडला.

तंगूस:
हेच तर म्हणतोय! एक्कावन्नावं ब्रेसलेट विकलं की मोर मोकळा. आणि हाताने ओवलेलं 'औद्योगिक' कसलं?

कलम_बावन्न:
२००० च्या डिझाइन कायद्यात 'डिझाइन'च्या व्याख्येत औद्योगिक प्रक्रिया हाताने केलेलीही धरली आहे. तेव्हा 'हँडमेड' लिहिलं म्हणून विक्रेत्याने निर्धास्त राहू नये. मालकाच्या परवानगीने इतरांनी केलेले नगही त्या ५० मध्ये येतात, त्यामुळे 'ग्राफ घ्या, वस्तू करून खुशाल विका' असं लिहिणाऱ्याने हिशोब ठेवावा. पण एक्कावन्न नगांनंतर मोकळं होतं ते वस्तूवरचं डिझाइन. सूचनांचा मजकूर आणि फोटो नाही. पीडीएफ पुढे ढकलायला मुभा मिळाली असं समजू नका.

ज्यांना नग भरपूर विकायचेत त्यांनी डिझाइन नोंदवावं. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढतं. नोंदणीच्या अर्जात दागिन्यांचा वर्ग ११-०१. मात्र अर्ज आधी, इन्स्टाग्राम नंतर. फोटो आधी जाहीर झाला की नावीन्य गेलं आणि नोंदणी टिकत नाही. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. नक्कल झाली तर भरपाई दर उल्लंघनाला २५,००० पर्यंत, एका डिझाइनला एकूण ५०,००० पर्यंत, किंवा त्याऐवजी नुकसानीचा दिवाणी दावा.

महिरप:
व्यवहाराचं बोला. दहा ब्रेसलेटं करून विकायला एका ओळीची परवानगी पुरते: 'अमुक ग्राफवरून १० नग विकणार, कार्डावर डिझाइन करणारी म्हणून नाव तुमचं.' लेखी घ्या, आकडा घाला. वर्गात शिकवायचा असेल तर जितक्या विद्यार्थिनी तितक्या प्रती विकत घ्या. सगळ्यांना एकच झेरॉक्स वाटू नका. फुकटच वाटायचं असेल तर वीण वाटा. सहा मण्यांचं फूल, तिढा कसा सोडवायचा, सैल काठात दुसऱ्यांदा सुई कशी फिरवायची, यावर कुणाचा हक्क नाही, आणि नवशिक्यांना तेच हवं असतं.

तंगूस:
पीडीएफचं मान्य, टाकणार नाही. फोटोवरून मणी मोजण्याचं अजून पटत नाही. स्वतःच्या एका नगासाठी मोजले तर मोजले. पण मग ग्राफ विकणाऱ्यांनीही नथीवर 'सर्व हक्क राखीव' छापणं बंद करावं. मध्ये लाल खडा, भोवती मोती, हा आकार आजीच्या डब्यातला आहे.

चिंचपेटी:
ते बरोबर. नथीचा आकार तुमचा-आमचा सगळ्यांचा. त्यातल्या ग्राफच्या पानावर हक्क लिहावा, नथीवर नाही. आणि एका नगाचं म्हणाल तर मोजा बापडे, पण रंगसूची विचारायला येऊ नका.