डॅशबोर्ड म्हणतो माल वेळेत, ग्राहक म्हणतो उशीर

बुटीबोरीकर
बुटीबोरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात प्लॅनिंग पाहतो. ऑर्डर, स्टॉक, बिलिंग सांभाळणाऱ्या आमच्या सॅप ईसीसी सॉफ्टवेअरचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो, म्हणून सॅपच्याच नव्या एस/४ हानावर जायचं ठरलं आहे. मालकांचं धोरण पक्कं: दर थोडा जास्त घेऊ, पण कबूल केलेल्या तारखेला माल पोचवू. डॅशबोर्डवर वेळेत डिलिव्हरीचा आकडा कायम हिरवा, अन् रायपूर-पुण्याचे ग्राहक रोज फोनवर ओरडून राहिले. सल्लागार म्हणतात, आहे तसंच उचलून नव्यात टाकू. मला हे पटत नाही. हात कुठून घालू?

हिंगणा_मेधा
भाऊ, आधी तो आकडा कोणत्या तारखेशी मोजतात ते पाहा. सेल्स ऑर्डरमध्ये ग्राहकानं मागितलेली तारीख वेगळी, आपण कन्फर्म केलेली वेगळी. माल अडकला की कन्फर्म तारीख पुढे ढकलतात. तिच्याशीच मोजलं तर उशीर दिसणार कसा?

आम्ही पहिल्यांदा कबूल केलेली तारीख वेगळ्या फील्डमध्ये गोठवली आणि तारीख बदलताना कारण टाकणं सक्तीचं केलं. कारणांत सगळ्यात वर आलं स्टोअर. ट्रक सकाळी गेटवर यायचा, स्टोअरकीपर दिवसभर वहीत लिहायचा आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या सिस्टिममधल्या नोंदी, संध्याकाळी एकदम व्हायच्या. पत्रा यार्डात, सिस्टिममध्ये स्टॉक शून्य! एमआरपी, म्हणजे लागणाऱ्या मालाचा हिशेब करणारं सिस्टिममधलं प्लॅनिंग, तोच पत्रा पुन्हा मागायचं. गेटवरच स्कॅन करून एंट्री सुरू केली, तेव्हा कुठे प्लॅनवर विश्वास बसला.

सेल्सचा इन्सेंटिव्हही पाहा. तो महिन्याच्या बिलिंगवर असेल तर शेवटच्या आठवड्यात मोठ्या रकमेचा माल आधी निघतो, छोट्या ग्राहकाची तारीख हुकते. तिथे मालकांनाच बसवा, आयटीवाल्यांच्या हातात ते नाही.

धरमपेठ
हेंडरसन आणि वेंकटरामन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये हेच मांडलं होतं: धंद्याचं धोरण, आयटीचं धोरण आणि दोन्हींच्या खालची रोजची यंत्रणा एकत्र जुळवावी लागते. नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागत नाही.

बुटीबोरीकर
ताई, पाहिलं. कन्फर्म तारखेशीच मोजून राहिले! गोठवलेलं फील्ड मागितलं तर सल्लागार कस्टम काम म्हणून वेगळे पैसे सांगतात.

हिंगणा_मेधा
मग तोवर ग्राहकानं मागितलेल्या तारखेशी मोजा, ती ऑर्डरमध्ये असतेच. गेल्या तीन महिन्यांचा तो रिपोर्ट मालकांपुढे ठेवा आणि फील्डचे पैसे त्याच बैठकीत मंजूर करून घ्या.