मदत हवी आहे: खराब जॉब (मशीनवर बिघडलेला पार्ट) लपवायची सवय कशी मोडायची?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) शिफ्टची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आलीय. इथे सगळ्यांसमोर झापायची जुनी पद्धत, त्यामुळे पोरं खराब जॉब गुपचूप स्क्रॅपमध्ये सरकवतात; टूल झिजलंय हे पुढच्या शिफ्टला कळतं. टोयोटात अडचण दिसली की कोणीही कामगार लाइनवरची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर मदतीला येतो, अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे सूचनापेटी आहे, किल्ली एचआरकडे. (असो.) शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं बोलतो, पण कंत्राटी मुलं तोंडच उघडत नाहीत. त्यांना बोलतं कसं करायचं? आणि खरं सांगायला लागले की रिजेक्शनचा आकडा आधी वाढणारच. हे साहेबांना कोणी पटवलंय का? सातपूर-अंबडवाल्यांनी जरूर सांगा.